क्वार्ट्झच्या चाचणीबद्दल

कोथरूड, पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या फ्लोटेशन चाचणीचा, म्हणजे क्वार्ट्झचे कण हवेच्या बुडबुड्यांवर तरंगवून वेगळे करण्याचा, तक्ता पाहिला. पीएच 10 ला रिकव्हरी (वर आलेल्या क्वार्ट्झचं प्रमाण) वरखाली होतेय, म्हणून तू डोडेसिलअमाइनला, म्हणजे कणांवर बसून त्यांना बुडबुड्यांना चिकटवणाऱ्या कलेक्टरला, दोष देतोस. मला संशय पीएचचा आणि चाचणीच्या काचेच्या नळीचा आहे.

पीएच 2 च्या वर क्वार्ट्झचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, त्यामुळे अमाइनचा धनभारित आयन त्याकडे ओढला जातो. सुरुवातीला आयन सुटे बसतात. प्रमाण वाढलं की त्यांच्या पाणी टाळणाऱ्या शेपट्या एकमेकींना बिलगतात आणि कण बुडबुड्याला चिकटू लागतो. गॉडिन आणि फ्युरस्टेनाऊ यांनी 1955 मध्ये मांडलेलं हेमिमायसेल ते हेच. आणखी वाढवलंस तर दुसरा थर उलटा बसतो आणि कण पुन्हा पाणीप्रेमी होतो. म्हणजे जास्त ओतून फायदा नाही.

आता खरी गोम. 10⁻⁴ मोलर द्रावणात पीएच 10 च्या आसपासच अमाइनचा अवक्षेप, म्हणजे द्रावणातून न विरघळता बाहेर पडणं, सुरू होतो. तू अगदी काठावर उभा आहेस! उघड्या बीकरमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड पीएच खाली आणतो, त्यामुळे चाचणीनंतरही पीएच मोज.

साठा द्रावण असं कर: 0.185 ग्रॅम अमाइन, 1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल 1 मिलि, पाणी घालून 100 मिलि. त्यातला 1 मिलि 100 मिलिमध्ये घातला की 10⁻⁴ मोलर. अमाइन 28 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे आपल्या पुण्यात मेमध्ये बाटलीत पातळ आणि डिसेंबरात मेणासारखं. झाकण घट्ट ठेव.

क्वार्ट्झ 100 ते 150 मायक्रॉनचा घे, आम्लात उकळ, पिवळेपणा जाईपर्यंत. मग डिस्टिल्ड पाण्याने धू, धूळ निथळून टाक. बोअरचं पाणी नको. त्यातलं कॅल्शियम पृष्ठभागावरच्या जागांसाठी अमाइनशी स्पर्धा करतं.

हॅलिमंड नळीत (फ्लोटेशनची छोटी चाचणी घ्यायची काचेची नळी) पाणी घालून ओत. काचेवर सलग पडदा राहिला तर ठीक. थेंब सुटे झाले तर तेलकट अंश आहे, आणि तो क्वार्ट्झवर चढणारच. मग गरम अल्कोहोलने धू.

आधी कलेक्टरशिवाय चाचणी घे: 1 ग्रॅम क्वार्ट्झ, 5 मिनिटं ढवळणं, 1 मिनिट नायट्रोजनचे बुडबुडे. वर काही आलंच, तर ते बुडबुड्यांच्या प्रवाहाने ओढून आणलेले बारीक कण, नाहीतर काचेचा तेलकटपणा. कलेक्टरशिवायचा आणि कलेक्टरसहचा, दोन्ही आकडे पाठव, मग झीटा पोटेन्शियलकडे (कणाच्या पृष्ठभागाजवळच्या विद्युतभाराचं माप) वळू.

तुझा,
मिलिंद