जुन्या सांगलीचे फोटो: निगेटिव्ह जपा, तारीख लिहा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की ‘जुनी सांगली’ अशा मथळ्याचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. हरभट रस्ता, मारुती रस्ता, कापडपेठ, टिळक चौक. फोटो छान असतात. पण कोणी काढला, कधी काढला, कुठे उभे राहून काढला, यातले काहीच सोबत नसते. वर्तमानपत्रेही ‘संग्रहित’ एवढे छापून मोकळी होतात. गावातल्या स्टुडिओवाल्यांनी लग्न-मुंजीच्या ऑर्डरी उरकून, रिळात उरलेल्या दोन-चार फ्रेमवर रस्ते टिपले, ती या शहराच्या बदलाची सर्वांत भरवशाची नोंद आहे. नकाशावर रस्त्याची रुंदी मिळते. दुकानाच्या फळ्या, माडीचा कठडा आणि टांग्यांचा थांबा मिळत नाही. ही नोंद दोन वाटांनी संपते आहे. स्टुडिओ बंद पडला की निगेटिव्हची खोकी फिल्ममधली चांदी काढणाऱ्यांकडे वजनावर जातात. उरलेली पुरात भिजतात.

हे फोटो केवळ आठवणी म्हणून जपावेत असे आमचे म्हणणे नाही. ते कामाचे आहेत. पेठेतल्या एखाद्या जुन्या दुकानाचा फोटो घ्या आणि जोत्याच्या पायऱ्या मोजा. फोटोत तीन दिसतात आणि आज एकच उरली असेल, तर सात इंचांची पायरी धरून रस्ता चौदा इंच वर आला. जुना थर न खरवडता त्यावर नवे डांबर टाकत गेले की हे होते. नदीच्या पुराला त्याने फरक पडत नाही, पण वळवाच्या सरीत रस्त्यावरचे पाणी थेट उंबऱ्याशी येते. पुराच्या फोटोंचा उपयोग तर याहून मोठा. फोटोवर तारीख असेल तर त्या दिवशीची कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी काढता येते आणि पाणी कितव्या पायरीला टेकले आहे ते फोटोतच दिसते. असे पन्नास फोटो जुळवले की अमुक फुटाला अमुक चौकात किती पाणी, याचा तक्ता तयार होतो. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट हे सगळ्यांना पाठ आहे; २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले हेही. आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी नेमके कितव्या फुटाला येते, हे मात्र फार थोड्यांना सांगता येते.

तारीख लिहिलेली नसेल तर फोटोतच शोधावी लागते. दुकानाच्या पाटीवर ‘जि. दक्षिण सातारा’ असेल तर पाटी १९४९ ते १९६० मधली. त्यानंतर जिल्ह्याचे नाव सांगली झाले. अर्थात पाटी जुनी आणि फोटो नवा असे होऊ शकते, म्हणून एका खुणेवर विसंबू नये. गाडीवर सांगलीचा एमएच-१० नंबर असेल तर फोटो १९८९ च्या आधीचा नाही. ‘महानगरपालिका’ असा फलक असेल तर १९९८ किंवा नंतरचा. सिनेमाच्या पोस्टरवरून फक्त ‘याआधीचा नाही’ एवढेच ठरते, कारण जुने सिनेमे आपल्याकडे वर्षानुवर्षे फिरून लागत. निगेटिव्हचा काठही बोलतो. ‘ओर्वो’ हे फिल्मच्या कंपनीचे नाव १९६४ पासूनचे, त्यामुळे काठावर ते छापलेली फिल्म त्याआधीची असू शकत नाही. प्रिंटवर हा काठ नसतो. निगेटिव्हच हवी म्हणून आम्ही आग्रह धरतो त्याचे हे एक कारण.

महिन्याचा अंदाज सावलीवरून येतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सांगलीत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणजे सावली दक्षिणेला पडते. एरवी ती उत्तरेला. रस्त्याची दिशा माहीत असेल तर भर दुपारच्या एका आखूड सावलीवरून फोटो मे ते ऑगस्टमधला की एरवीचा ते कळते.

आणि कृपा करून हे फोटो एआयला देऊन रंगवू किंवा ‘क्लिअर’ करू नका. पाटीवरची अक्षरे पुसट असली की ते यंत्र अक्षरासारखे दिसणारे काहीतरी स्वतःच रचते. पाटी वाचून वर्ष काढण्याचा रस्ता तिथेच बंद होतो.

आता पाण्याचे. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तिन्ही पुरांत पेठांतले तळमजले बुडाले. भिजलेली निगेटिव्ह उन्हात पसरणे ही सगळ्यात मोठी चूक. फिल्मवरचा जिलेटिनचा थर पाण्याने फुगून मऊ झालेला असतो. उन्हात तो वितळतो, शेजारच्या फिल्मला चिकटतो आणि वाळला की खोक्याची वीट होते. करायचे ते उलटे: वाळू द्यायचेच नाही. स्वच्छ गार पाण्याच्या बादलीत ठेवून पाणी बदलत राहावे, पाण्याखालीच एकेक पट्टी सोडवावी, बुळबुळीत बाजूला बोट लावू नये. शेवटच्या धुण्यात वेटिंग एजंटचे (फिल्मवरून पाणी सहज निथळावे म्हणून वापरायच्या द्रावणाचे) दोन थेंब टाकले की पाण्याचे डाग राहत नाहीत. मग चिमट्याने एका कोपऱ्याला धरून सावलीत, पंख्याच्या झोताबाहेर टांगावे. हे सगळे दोन दिवसांत, फार तर तिसऱ्या दिवशी संपले पाहिजे. नंतर थर सुटू लागतो. खोकी जास्त असतील तर पिशवीत बांधून डीप फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि सवडीने थोडी थोडी काढावीत. काचेच्या प्लेटा मात्र फ्रीझरमध्ये घालू नयेत. धुऊन लगेच उभ्या वाळवाव्यात.

बुरशी हा वेगळा रोग. हवेतला ओलावा बराच काळ ६५ टक्क्यांच्या वर राहिला की ती धरतेच. बुरशी लागलेली निगेटिव्ह पाण्याने धुऊ नये, कारण बुरशीने खाल्लेले जिलेटिन पाण्यात विरघळते आणि चित्रच निघून जाते. आधी कोरडी करून मऊ ब्रशने झटकावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलके पुसावे. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारी फिल्म ताबडतोब वेगळ्या खोक्यात काढावी. तो वास म्हणजे फिल्मचा पाया कुजतो आहे आणि शेजारच्यांनाही बाधतो आहे. बटर पेपरच्या जुन्या पाकिटांचा डिंकाचा जोड डाग पाडतो, रबरबँडमधले गंधक चांदीला काळे करते, पीव्हीसीचे अल्बम दमटात चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनचे कप्पे किंवा आम्लरहित कागद वापरावा. आणि कपाट तळमजल्यावर नको. सांगलीत हे वेगळे सांगायला लागू नये, तरी लागते.

स्कॅनिंगबद्दल थोडक्यात. पस्तीस एमएम फिल्मला ४००० डीपीआय (इंचामागे ठिपके) आणि १२० च्या रुंद फिल्मवरच्या सहा-बाय-सहा सेंटिमीटरच्या निगेटिव्हला २४०० डीपीआय पुरते; सोळा बिटची ग्रे टिफ फाइल ठेवावी. सहा-बाय-सहाची एक फाइल साधारण ५६ एमबी होते, म्हणजे हजार निगेटिव्हना ५६ जीबी. एवढी जागा आज कोणाकडेही असते. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत असाव्यात, आणि त्यातले एक घर पूररेषेबाहेरचे. स्कॅन झाले म्हणून निगेटिव्ह टाकू नये. पाटीवरची अक्षरे उलटी दिसली तर फिल्म पालथी घातली गेली आहे, एवढे प्रत्येक वेळी पाहावे. उलट छापलेले रस्ते आम्ही छापील पुस्तकांतही पाहिले आहेत.

तुलनेसाठी जुन्या फोटोच्याच जागेवरून आजचा फोटो काढायचा असेल तर मोबाइल सरळ उचलून चालत नाही. मोबाइलची मुख्य लेन्स वाइड असते. तिच्यात रस्ता रुंद आणि लांबची घरे बुटकी दिसतात, मग मंडळी दोन पावले पुढे सरकतात आणि सगळे बिघडते. चित्रातली मांडणी उभे राहण्याच्या जागेवर ठरते. जागा बरोबर असेल तर वाइड फोटो कापून घेता येतो. जागा चुकली तर कितीही कापा, जुळत नाही. जागा शोधायला जुन्या प्रिंटवर एक जवळची आणि एक लांबची खूण धरावी, जसे जवळच्या सज्जाचा कोपरा आणि मागच्या देवळाचा कळस. दोन्हींमधले अंतर प्रिंटइतके होईपर्यंत डावीउजवीकडे सरकावे. मग दुसरी जोडी धरून पुढेमागे. स्टुडिओवाल्यांचा बहुतेक कॅमेरा दोन लेन्सचा, पोटाशी धरून वरून पाहायचा. म्हणून लेन्सची उंची साधारण साडेतीन-चार फूट ठेवावी, डोळ्यांइतकी नव्हे. नाहीतर पायऱ्यांची तुलनाच फसते.

नोंदीत छायाचित्रकाराचे नाव, तारीख, वेळ, उभे राहण्याची जागा आणि तोंड कुठे एवढे तरी असावे: ‘टिळक चौक, तोंड आयर्विन पुलाकडे’. नुसते ‘टिळक चौक’ लिहून भागत नाही.

हक्काचा प्रश्न नेहमी निघतो. गिऱ्हाइकाने पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाइकाचा. स्टुडिओवाल्याने आपल्या हौसेने काढलेला रस्त्याचा फोटो त्याचा, आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे वारसांचा. तेव्हा वारसांकडून एका पानाची लेखी परवानगी घ्यावी आणि निगेटिव्ह कोणाच्या ताब्यात व वापर कोणाला, हे त्यात वेगवेगळे लिहावे.

महापालिकेकडे मागणी एकच आहे. दर वर्षी पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींना नोटिसा निघतात. प्रत्येक इमारत उतरवण्याआधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी आणि समोरून असे तीन फोटो, मोजपट्टी उभी धरून, तारखेसह काढावेत आणि ते नोटिसीच्या फायलीतच लावावेत. त्यासाठी नवा विभाग नको आणि निविदाही नको. नोटीस बजावायला जाणाऱ्या कर्मचाऱ्याच्या खिशात कॅमेरा असतोच.

– सांगलीतील काही छायाचित्रकार