पत्रिकेतले फोटो

चि. विक्रम यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू मोबाईलवर पाठवलेली लग्नपत्रिका तुझ्या आईला वाचून दाखवली. वर जोतिबा, मग ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, इथवर ठीक. पण खाली ‘प्रमुख उपस्थिती’त पुढाऱ्यांची अकरा नावं आणि चार फोटो. तुझ्या आजीचं नाव सापडायला मला ओळीवरून बोट फिरवावं लागलं. फोनवर बोललो असतो तर ‘अण्णा, आजकाल असंच असतं’ म्हणून तू फोन ठेवला असतास, म्हणून लिहितोय.

गेल्या वैशाखात शेजारच्या गावात लग्नाला गेलो होतो. मुहूर्त बारा पस्तीसचा. ‘साहेब निघालेत, साहेब कमानीपाशी आलेत’ असं माईकवर ऐकत दीड वाजला. नवरी घामानं निथळलेली, पोरं मुठीतल्या अक्षता एकमेकांवर उडवत होती. साहेब आले. फेटा, शाल, नारळ झाला आणि मग पंधरा मिनिटं ‘आपली संस्कृती, आपले संस्कार’. अक्षता पडल्या न पडल्या तोवर गाडी पुढच्या लग्नाला. दुसऱ्याचा मुहूर्त मोडून संस्कृती सांगणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला असं म्हणायची सोय नाही, दर लगीनसराईत दिसतो.

तुझ्या आजीचं लग्न 1945 सालचं. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता, आपण साताऱ्यातच, आणि गावोगाव प्रतिसरकारचा, म्हणजे इंग्रजांना झुगारून भूमिगतांनी चालवलेल्या सरकारचा अंमल. हुंडा, मानपान, कर्ज काढून पंगती हे सगळं बंद करून गांधी पद्धतीची लग्नं लावत. आजीच्या लग्नात दोन हार आणि गूळ, एवढंच. रात्री एक भूमिगत माणूस आला, बायकांनी वाढली ती भाकरी खाल्ली, नवरा-नवरीला हात जोडले आणि उजाडायच्या आत गेला. त्याचं नाव कुणी विचारलं नाही. आजी अजून सांगते, ‘पाहुणा भारी होता बाई, कोण होता देव जाणे.’

अशा माणसांची मला ओढ आहे. परंपरा म्हणतो ती हीच. प्रतिसरकारचे नाना पाटील तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत पडले. घर वारकऱ्यांचं, भाषा रानातली. पुढं ते लाल बावट्याचे, म्हणजे कम्युनिस्ट, झाले आणि 1957 ला साताऱ्यातून खासदार म्हणून निवडून गेले. म्हणजे पक्ष कुठला, हा माझा मुद्दाच नाही. वसंतदादा पाटील 24 जुलै 1943 ला सांगलीचा तुरुंग फोडून पळाले, गोळी खाल्ली. पुढं मुख्यमंत्री झाले तरी आपल्याकडं त्यांना कुणी ‘साहेब’ म्हटलं नाही, दादाच राहिले.

ते सगळे देव होते असंही नाही. प्रतिसरकारची पायाला पत्र्या ठोकायची शिक्षा आज ऐकवत नाही, आणि मागून सत्ता आल्यावर याच मातीत पाहुण्यारावळ्यांचं राजकारणही उगवलं. ते मी डोळ्यानं बघितलंय. पण लोकांच्या दारात गेल्यावर आपण पाहुणे आहोत, ही लाज त्यांच्यापाशी होती. आताच्यांच्या भाषणात देशही असतो, धर्मही असतो, शिवरायांचं नाव तर दर दोन वाक्यांनी. लाज तेवढी दिसत नाही.

तुझी अडचण कळते मला. ऊस वेळेवर तुटायचा तर साखर कारखान्याच्या तोडीची चिठ्ठी देणाऱ्या चिटबॉयपासून संचालकापर्यंत सगळ्यांशी गोड राहावं लागतं. त्यांना आमंत्रण दे की, मी स्वतः जाऊन अक्षता देतो. आले तर पंगतीत बसतील. पण फोटो काढ, त्या जागी आजीचं नाव मोठ्या अक्षरात घाल, आणि खाली एक ओळ टाक: ‘लग्न मुहूर्तावर लागेल.’

छापखानेवाल्याला शुक्रवारपर्यंत थांबवलंय. त्याचा ब्लॉक तयार आहे, तो कुरकुरतोय. आईनं तुझ्या मामाच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घही बघायला सांगितलाय.

तुझा,
अण्णा