सईच्या अमेरिकेचं काय ते एकदा लिहूनच

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हे नीट बोलणं होत नाही, बाबा "बरं बरं" करून फोन आईकडे देतात आणि आईचा पहिला प्रश्न जेवलीस का, म्हणून लिहूनच पाठवतेय. मोबाईलवर वाचायला त्रास झाला तर दादाकडून प्रिंट काढून घ्या.

सईचं जवळजवळ पक्कं झालंय. नॉर्थ कॅरोलायनातलं कॉलेज आहे, टेनिसच्या टीममध्ये घेतायत, फी, राहणं, जेवण सगळं त्यांच्याकडे, ऑगस्टमध्ये जाईल. आणि बाबा, तुम्ही परवा तिला म्हणालात ना की खेळापायी शिक्षणावर पाणी सोडू नकोस, ते तिला लागलंय. तुम्हाला काही बोलली नाही पण रात्री मला म्हणाली, आजोबांना वाटतंय मी अभ्यास टाळायला पळून चाललेय. उलट आहे हो बाबा. शिक्षण सुटू नये म्हणूनच तर हा खटाटोप.

इकडे इंग्लंडमध्ये अठराव्या वर्षी या पोरांची पंचाईत होते. ए लेव्हल, म्हणजे इथली बारावी, झाल्यावर इथल्याच युनिव्हर्सिटीत जायचं तर नुसती फी वर्षाला साडेनऊ हजार पौंडांच्या वर आणि टेनिस, लफबरो-स्टर्लिंगसारख्या काही जागा सोडल्या तर, हौसेपुरतं. नाहीतर सगळं सोडून प्रो व्हायचं, म्हणजे अंताल्या, मोनास्तिर, शर्म अल शेख असल्या ठिकाणी छोट्या स्पर्धा खेळत फिरायचं, जिथे अख्ख्या स्पर्धेचं बक्षीस मिळून 15 हजार डॉलर आणि पहिल्याच राऊंडला हरलं तर हॉटेलचे पैसेही सुटत नाहीत, विमानाचं तर सोडाच. तुम्ही विम्बल्डन बघता म्हणून वाटतं टेनिसमध्ये पैसा आहे, तो वरच्या शंभर-दीडशे लोकांना. एमा राडुकानूने 2021 मध्ये ए लेव्हल दिली आणि त्याच वर्षी यूएस ओपन जिंकली हे खरंय, पण तशी ती एकच, इथल्या क्लबातल्या सगळ्या आया तिचंच नाव घेतात, मला तर ऐकून कंटाळा आलाय.

बाबा, तुम्ही विलिंग्डन कॉलेजकडून व्हॉलीबॉल खेळायला एसटीने जायचात, डबा घरचा, तसं काही डोळ्यासमोर आणू नका. तिथे कॉलेजचे स्वतःचे कोच, फिजिओ, जिम, प्रवासाचा खर्च कॉलेजचा. आणि नियम कडक, आठवड्याला 20 तासांच्या वर सक्तीची प्रॅक्टिस घेता येत नाही, मार्क घसरले तर खेळायलाच मिळत नाही. (हे वाक्य तुमच्यासाठी खास.)

मॅच मात्र तुम्हाला आवडायची नाही, फार आरडाओरडा. आधी तीन डबल्स एकाच वेळी, त्यातल्या दोन जिंकल्या की मिळून एकच पॉइंट, मग सहा सिंगल्स शेजारशेजारच्या कोर्टांवर, प्रत्येकीचा एक पॉइंट, जी टीम आधी चारला पोचेल ती जिंकली. 40-40 झालं की पुढचा पॉइंट ज्याचा, गेम त्याचा, ताटकळत बसणं नाही. आणि शेजारच्या कोर्टावरून आपलीच मैत्रीण ओरडत असते. सई लहानपणापासून एकटीच खेळलीये, एकटीच हरलीये, गाडीत मागच्या सीटवर तोंड फिरवून बसायची. तिला टीम मिळतेय याचा मला स्कॉलरशिपपेक्षा जास्त आनंद झालाय.

तिथून पुढे काय होतं विचारलंत. कॅमेरून नॉरी टेक्सासमध्ये टीसीयू नावाच्या कॉलेजात होता, 2021 ला इंडियन वेल्सची मोठी स्पर्धा जिंकला, 2022 ला विम्बल्डनची सेमीफायनल, जगात आठवा होता एकदा. त्याने डिग्री मात्र मध्येच सोडली, तुम्हाला कुठून तरी कळणारच म्हणून आत्ताच सांगतेय. त्याच कॉलेजचा जेकब फर्नली, एडिंबराचा, त्याने 2024 ला आधी डिग्री पूर्ण केली आणि त्याच उन्हाळ्यात विम्बल्डनला जोकोविचकडून एक सेट काढला, वर्षाच्या आत पहिल्या शंभरात. पॉल जब, हलचा, आई-वडील नव्हते, आजीने वाढवला, साउथ कॅरोलायनात शिकला आणि 2019 ला अमेरिकन कॉलेजांची सिंगल्स चॅम्पियनशिप जिंकणारा पहिला ब्रिटिश मुलगा झाला. आई, हे तुझ्यासाठी. आणि 2025 ची विम्बल्डन डबल्सची फायनल तुम्ही बघितली होती ना, ज्युलियन कॅश आणि लॉइड ग्लासपूल, 1936 नंतर पहिल्यांदा दोघंही ब्रिटिश असलेली जोडी जिंकली, ते दोघंही अमेरिकन कॉलेजांतून आलेले.

मुलींची यादी एवढी मोठी नाही, खोटं कशाला सांगू. पण मुलींना पैसा जास्त मिळत आलाय, तिथे 1972 पासून कायदा आहे की कॉलेजने खेळात मुलामुलींना समान संधी द्यायची, आणि मुलांच्या स्कॉलरशिप अमेरिकन फुटबॉलच खाऊन टाकतो. म्हणून अनेक वर्षं मुलींच्या टेनिस टीमला आठ पूर्ण स्कॉलरशिप आणि मुलांना साडेचार, त्या वाटून घ्यायच्या. 2025 पासून हे नियम बदलले. आणि आपली ऋतुजा भोसले, 2023 मध्ये एशियन गेम्सला बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सचं सुवर्ण घेतलं ती, टेक्सास ए अँड एमकडूनच खेळायची. तेव्हा पेपरातला फोटो तुम्हीच मला पाठवला होतात बाबा.

काळजी मलाही आहे. स्कॉलरशिप कागदावर चार वर्षांची दिसते पण कोच बदलला, दुखापत झाली तर काय, हे आम्ही खोदखोदून विचारलं. खेळाडूंना पैसे द्यायच्या नव्या भानगडीत तिथल्या काही कॉलेजांनी टेनिसच्या टीमच बंद केल्यात, ती भीती निखिल रोज बोलून दाखवतो. पण त्या भीतीपोटी घरी ठेवून तरी काय करू? टीम गेली तरी डिग्रीचे क्रेडिट्स दुसरीकडे नेता येतात, प्रो व्हायला गेली आणि फसली तर हातात काहीच नाही.

तर बाबा, रविवारी तिला फोन करा. सीएचा विषय काढू नका प्लीज. कोणते विषय घेणारेस विचारा, ती बायोमेकॅनिक्सवर अर्धा तास बोलेल, कळलं नाही तरी ऐका. आई, गुडघ्याचा एक्स-रे झाला का, रिपोर्टचा फोटो पाठव, आणि गोळ्या उपाशीपोटी घेऊ नकोस.

तुमची,
मनू