सवलत इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरला नको, वायरिंगला द्या

मा. संपादक,

मी १९८६ साली वीज मंडळात वायरमन म्हणून लागलो आणि २०२० साली महावितरणमधून निवृत्त झालो. आता नाशिकला इंदिरानगरात राहतो. आमची इमारत १९९८ सालची, २४ फ्लॅटची. पहाटे पाण्याची मोटर चालू करायचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं आहे. गेल्या मे महिन्यात असाच पाच वाजता बाहेर पडलो आणि पार्किंगमध्ये पाऊल टाकताच बेकेलाइट जळाल्याचा वास आला. हा वास मला झोपेतसुद्धा ओळखू येतो.

पहिल्या मजल्यावर एक मुलगी राहते, दवाखान्यात पाळीची नोकरी करते. तिने घेतलेली इलेक्ट्रिक स्कूटर जिन्याखाली चार्जिंगला लावलेली होती. खिडकीतून वायर खाली सोडलेली, टोकाला एक्स्टेन्शन बोर्ड. वायर लांबीला जास्त झाली म्हणून उरलेली वेटोळं करून जमिनीवर ठेवलेली. मी वर जाऊन बेल वाजवली, स्विच बंद करायला लावला आणि खाली येऊन त्या वेटोळ्याला हात लावला, तर तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखं गरम. बोर्डाचं एक भोक तपकिरी पडलं होतं आणि प्लास्टिक वितळून पिनेला चिकटल्यामुळे प्लग ओढून निघेना. शेजारी ओळीने पेट्रोलच्या सहा मोटारसायकली उभ्या होत्या.

ती बिचारी रडवेली झाली. म्हणाली, “काका, रोज असंच लावते हो, कधी काही झालं नाही.” तिला मी काय बोलणार? स्कूटरचा चार्जर जेमतेम तीन-चार अँपिअर घेतो, तसा तो जड लोड नव्हे. पण सॉकेटची पकड सैल, वायर बारीक, त्यात वेटोळं केलेली आणि हे सगळं चार-पाच तास सलग. गीझर दोन किलोवॅटचा असला तरी वीस मिनिटांत बंद होतो. गाडीचं तसं नाही. चारचाकी पंधरा अँपिअरच्या सॉकेटला लावली की सव्वातीन किलोवॅटच्या आसपास रात्रभर ओढत राहते. स्क्रू अर्धा आटा सैल असला तरी तिथेच तापतं आणि तिथूनच आग लागते.

मग आम्ही लायसन्सवाल्या ठेकेदाराकडून व्यवस्थित अंदाजपत्रक घेतलं. मीटर रूमपासून तिच्या जागेपर्यंत तीस मीटर सहा स्क्वेअर मिलिमीटर जाडीची तांब्याची केबल, पाइप, जादा लोड आला की आपोआप पडणारा स्वतंत्र एमसीबी, गळती पकडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, नवीन अर्थिंगचा खड्डा आणि मजुरी. आकडा आला २७,४०० रुपये. चार्जर? तो स्कूटरबरोबर फुकट आला होता.

माझं म्हणणं नेमकं इथे आहे. राज्याच्या २०२१ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात स्लो चार्जरला किमतीच्या ६० टक्के, जास्तीत जास्त १०,००० रुपये अशी मदत होती आणि ती पहिल्या १५,००० चार्जरपुरती होती. दिल्लीने त्याच्याही आधी, २०२० च्या धोरणात, पहिल्या ३०,००० चार्जिंग पॉइंटना प्रत्येकी ६,००० रुपयांपर्यंत देऊ केले. तिथली एक गोष्ट मला फार आवडली. ग्राहकाने वीज कंपनीकडे अर्ज करायचा, कंपनीने ठरवून दिलेल्या विक्रेत्याने चार्जर बसवायचा आणि ग्राहकाने सवलत वजा जाता उरलेले पैसेच द्यायचे. खेटे नाहीत. पण दोन्हीकडे भर चार्जरवर. जुन्या इमारतीत माणूस अडतो तो केबल आणि अर्थिंगपाशी.

माझी भाची अमेरिकेत न्यू जर्सीत असते. तिथली पीएसई अँड जी ही वीज कंपनी घरात चार्जर बसवणाऱ्याला मीटरपासून घरात येणाऱ्या वायरिंगसाठी १,५०० डॉलरपर्यंत परतावा देते आणि खांबापासून मीटरपर्यंतची जोडणी वाढवावी लागली तर त्यासाठी ५,००० डॉलरपर्यंत. म्हणजे पैसे वायरिंगचे. परताव्यासाठी इलेक्ट्रिशियनचं बिल लागतं. भाचीने फोनवर हे सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कागद दिल्याशिवाय पैसे मिळत नसतील, तर माणूस आपणहून लायसन्सवाल्याकडे जातो. परतावा हीच तपासणी होते.

आपल्याकडे त्यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. लोड वाढवायचा असो की नवीन जोडणी, ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा दाखला, आपण घेतोच. त्याच रिपोर्टवर वायरिंगच्या खर्चाचा निम्मा भाग, हवी ती कमाल मर्यादा घालून, राज्य सरकारने महावितरणमार्फत ग्राहकाच्या बिलात वळता करावा. एकदम नको, वर्षभराच्या बिलांत विभागून चालेल. कंपनीचाही यात फायदा आहे. आज कुठल्या गल्लीत किती गाड्या रात्री चार्जिंगला लागतात, याची कुणाकडे नोंद नाही. एप्रिल-मेमध्ये एसीचा लोड वाढून डीपीचे, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचे, फ्यूज उडाले की मध्यरात्री खांबावर कोण चढतं, हे मी चौतीस वर्षं पाहिलं आहे. उद्या त्याच डीपीवर संध्याकाळी आठ वाजता दहा मोटारी लागल्या, तर ते आधी कळलेलं बरं की नंतर?

बिलाचीही एक अडचण आहे. स्वतःच्या घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करायला केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट मुभा दिली, हे चांगलंच झालं. पण घरचा वापर १८० युनिट असलेल्याने मोटार घेतली आणि महिन्याला हजार किलोमीटर चालवली, की साधारण दीडशे युनिट वाढतात. तो ३०० चा टप्पा ओलांडतो आणि वरच्या युनिटना चढा दर लागतो. वीज नियामक आयोगाने २०१८ मध्येच चार्जिंगसाठी वेगळा दर ठरवला, पण त्यासाठी वेगळं मीटर घ्यायचं म्हणजे पुन्हा केबल आलीच. स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत दरात सवलत मिळते, कारण तेव्हा सौर वीज भरपूर असते. आमच्या या मुलीसारख्या रात्रपाळीच्या लोकांना ती अगदी सोयीची आहे. रात्रपाळी असली की तिची स्कूटर दिवसभर खालीच उभी असते.

२०२५ च्या नव्या धोरणाने महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय ठरवली, द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी दिली. चांगलं आहे. पण ज्या मुलीची धाव इंदिरानगर ते दवाखाना एवढीच आहे, तिला टोलमाफीचा काय उपयोग? वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या इमारतींत राहणाऱ्या अशा माणसांकडे कुणीतरी पाहायला हवं.

सोसायटीने एकच मोठी केबल टाकून पार्किंगमध्ये पॅनेल बसवलं, तर प्रत्येकाला वेगळी केबल ओढावी लागणार नाही. मी हा विषय मागच्या सभेत मांडला होता. २४ पैकी तिघांकडे इलेक्ट्रिक वाहन आहे, बाकीचे म्हणाले, “आमचा काय संबंध?” त्यांचंही चूक म्हणता येत नाही, पैसे त्यांच्या खिशातून जाणार. अशा सामाईक केबलला निम्मा परतावा मिळतो हे सभेत सांगता आलं असतं, तर मतं वेगळी पडली असती अशी माझी खात्री आहे. सप्टेंबरमध्ये वार्षिक सभा आहे, तिथे पुन्हा मांडणार आहे. वितळलेला बोर्ड मी सोसायटीच्या कपाटात जपून ठेवला आहे, तोही नेणार आहे. तोपर्यंत ती मुलगी माझ्या तळमजल्यावरच्या सॉकेटवरून, मी जागा असताना, स्कूटर चार्ज करते.

— एक निवृत्त वायरमन, इंदिरानगर, नाशिक