वाङ्मयेतिहासकाराची आवडनिवड

वाङ्मयेतिहासकाराने स्वतःची आवडनिवड बाजूला ठेवावी, असा आग्रह धरणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. तो पटला नाही. रुमानियाचे जॉर्ज कलिनेस्कू (१८९९-१९६५) यांचेच उदाहरण घ्या. रुमानियन साहित्याचा त्यांचा बृहद् इतिहास १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तेथे आंतोनेस्कूची हुकूमशाही होती आणि ज्यूविरोधी कायदे लागू होते. तरीही कलिनेस्कूंनी ज्यू लेखकांना ग्रंथात जागा दिली. उजवी वृत्तपत्रे त्यांच्यावर तुटून पडली. पुढे कम्युनिस्ट राजवटीलाही हा ग्रंथ पचला नाही. दुसरी आवृत्ती निघाली ती थेट १९८२ मध्ये, त्यांच्या पश्चात.

कलिनेस्कू स्वतः कादंबरीकार. एकेका लेखकाचे व्यक्तिचित्र ते कादंबरीतील पात्रासारखे रंगवत, आणि त्यात त्यांचे रागलोभ लपत नसत. शेवटच्या प्रकरणातील वांशिक स्वभावाविषयीची त्यांची विधाने आज खटकतात, हे खरेच. पण लेखात सांगितलेला निकष लावला, तर हा अख्खा ग्रंथच बाद ठरेल. बुखारेस्टमधील साहित्येतिहासाच्या संस्थेला मात्र आज कलिनेस्कूंचेच नाव आहे.

– एक वाचक, सातारा