कोलोनच्या आजी, तुमचे मनापासून आभार

प्रिय आजी,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्ही निर्वासितांना मदत करत होतात त्या दिवसांत पॅरिशच्या (आपल्या भागातल्या चर्चच्या) पत्त्यावर आलेली निनावी, रागाची पत्रं मी वाचली आहेत, म्हणून. मराठीत लिहितेय ते रत्नागिरीपासून पुण्यापर्यंत पसरलेल्या माझ्या माणसांना तुम्ही कळाव्यात म्हणून. जर्मन प्रत तुमच्या हातात देईनच.

पहिले आभार ५ जानेवारी २०१५च्या संध्याकाळचे. ड्रेस्डेनमध्ये आदल्या ऑक्टोबरपासून ‘पेगिडा’चे सोमवारचे मोर्चे निघत होते; युरोपचं इस्लामीकरण होतंय ही त्यांची ओरड. त्या सोमवारी त्यांच्याच विचाराची माणसं इथे कोलोनमध्येही, ऱ्हाइन नदीपलीकडच्या डॉइट्झ भागात, जमली, आणि कॅथीड्रलचे प्रमुख धर्मगुरू नॉर्बर्ट फेल्डहोफ यांनी कॅथीड्रलवरचे दिवे बंद करायला लावले. १५७ मीटर उंचीचे ते मनोरे काळोखात गेले. मोर्चाला निघालेल्या श्रद्धाळू ख्रिस्ती माणसांनी आपण कुणाच्या सोबतीने चाललोय याचा विचार करावा, असं त्यांचं म्हणणं होतं. डोक्यावर ओढणी घेऊन ट्रॅमने फिरणाऱ्या मला त्या रात्री किती आधार वाटला, ते सांगायला मी आमच्या गल्लीतल्या चर्चमध्ये आले आणि तुम्ही भेटलात. दिवे मालवणं सोपं, खरं काम पुढेच आहे, असं तुम्ही म्हणालात.

ते काम त्याच वर्षी दारात आलं. २०१५ मध्ये जवळजवळ नऊ लाख माणसं आश्रय मागायला जर्मनीत आली. पॅरिशच्या हॉलमध्ये कपडे निवडणं, भाषेचे वर्ग, सरकारी फॉर्म, सगळं तुम्ही अंगावर घेतलंत. माझं उर्दूही तुम्ही कामाला लावलंत.

मग ती नववर्षाची रात्र. कॅथीड्रलच्याच पायथ्याशी, स्टेशनसमोर, शेकडो बायकांची छेड काढली गेली, त्यांच्यावर हात टाकले गेले. संशयितांत आश्रय मागणारेही होते. देशाचा सूरच पालटला. इतकी वर्षं चर्चमध्ये येणारी माणसं चर्च सोडायची, चर्चच्या सदस्यांना इथे भरावा लागणारा कर बंद करायची भाषा बोलू लागली. तुम्ही त्या बायकांसाठी न्याय मागितलात, अगदी रागाने मागितलात, आणि त्याच दमात म्हणालात, गुरुवारचा वर्ग गुरुवारीच भरेल. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने बोलणारं माणूस त्या दिवसांत मला दुसरं दिसलं नाही. रागावलेल्या शेजाऱ्यांशीही तुम्ही बोलणं तोडलं नाहीत.

सगळ्यात मोठे आभार त्या मुलाबद्दलचे. पेशावरला वाढलेला अफगाण पोरगा. बल्गेरियात बोटांचे ठसे घेतले गेलेले, म्हणून डब्लिन नियमाप्रमाणे (युरोपात ज्या देशात आधी नोंद झाली, तिथेच सहसा आश्रयाचा अर्ज चालतो) त्याला तिकडे परत धाडायचं ठरलं होतं. तिथे त्याने मार खाल्ला होता. त्या देशाचं नाव काढलं तरी त्याचे हात थरथरायचे. पॅरिशच्या मंडळात मतदान झालं आणि चर्चने त्याला आसरा दिला. यात लपवालपवी काही नसते, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक नाही. सरकारी कार्यालयाला रीतसर कळवायचं, प्रकरणाची फाइल पाठवायची. कायद्यात या आसऱ्याला आधार नाही, पण पोलीस सहसा चर्चच्या आवारात शिरत नाहीत. परत पाठवण्याची सहा महिन्यांची मुदत टळली की अर्जाची सुनावणी जर्मनीतच होते. तोवर मात्र फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही.

२०१६च्या मे महिन्यात कोलोनचे आर्चबिशप कार्डिनल वोएल्की यांनी निर्वासितांची एक होडी कॅथीड्रलसमोर मांडून तिचीच वेदी केली आणि मिस्सा (प्रार्थनाविधी) अर्पण केली. आपल्या मुलाला बाहेर पडता येत नव्हतं, म्हणून तुम्ही मोबाइलवर फोटो आणून दाखवलात. तो स्वतः जंगलातून चालत आला होता, पण बरोबरची कित्येक पोरं तसल्याच होड्यांत बसली होती.

जूनमध्ये रमजान लागला. कोलोनला तेव्हा सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो. रोज त्या वेळी तुम्ही सूपचं पातेलं टॉवेलात गुंडाळून आणायचात. मांस कुठून आणलं ते पाकिटासकट दाखवायचात, त्याच्या मनात शंका राहू नये म्हणून. तो कुठल्या दिशेला तोंड करून नमाज पढणार याचीही काळजी तुम्हीच केलीत: चर्चचा अल्टार पूर्वेला, मग मक्का त्याच्या जरा उजवीकडे, असा हिशेब करून त्याच्या खोलीत खडूने रेघ ओढलीत. त्याला बायबल वाचायला बसवलं नाहीत. धर्म बदलशील का, असं कधी आडूनही विचारलं नाहीत. माझ्या अम्मीला फोनवर हे सांगितलं तर ती कितीतरी वेळ तुम्हाला दुआ देत राहिली.

मुदत टळली, सुनावणी झाली, त्याला राहायला मिळालं. आता तो वृद्धाश्रमात नर्सिंगचं काम करतो, हे तुम्हाला माहीतच आहे. तुमच्याइतक्याच वयाच्या बायकांना तो आंघोळ घालतो, औषधं देतो.

आता रमजान हिवाळ्यात येऊ लागलाय, सहाच्या सुमारासच रोजा सुटतो. एक दिवस आमच्याकडे इफ्तारला यायचंच. जिने चढायचा त्रास नको, तो तुम्हाला न्यायला येईल.

तुमची,
ओढणीवाली शेजारीण