प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये टाकण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बुरशीवरच्या जुन्या औषधांना बळ देणाऱ्या संयुगांविषयी हल्ली पुष्कळ वाचायला मिळते. सोलापुरातल्या एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत मी २९ वर्षे तंत्रज्ञ होते, म्हणून हे पत्र.

अतिदक्षता विभागातून आलेल्या रक्ताच्या बाटलीत बुरशी वाढली, की रिपोर्टवर 'यीस्ट आढळले' (म्हणजे एकपेशी बुरशी) एवढेच लिहायची आमच्याकडे रीत होती, कोणती ते नाही. मग फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचे नेहमीचे औषध सुरू व्हायचे. एका मधुमेही शेतकऱ्याचा ताप त्याने उतरेना. आमच्या यंत्राने बुरशीचे नाव दिले 'कँडिडा हेमुलोनी'. डॉक्टरांनी हट्टाने नमुना पुण्याला पाठवला, तेव्हा ती त्याच कुळातली दुसरी जात, कँडिडा ऑरिस निघाली. काही यंत्रे या दोघींत गल्लत करतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ऑरिसचे बहुतेक नमुने फ्लुकोनाझोलला दादच देत नाहीत. पुण्याचा रिपोर्ट हातात आला तेव्हा त्या शेतकऱ्याची खाट रिकामी झाली होती. त्यांच्या मुलाला काय सांगावे, ते मला आजही सुचत नाही.

औषध पेशीत शिरले तरी अशी बुरशी आपल्या आवरणातल्या पंपांनी ते बाहेर फेकते. काही संयुगे हे पंप अडवतात आणि निकामी झालेले औषध पुन्हा लागू पडते. दारुहळदीतल्या बर्बेरिनची जोड दिली, की फ्लुकोनाझोलला दाद न देणाऱ्या कँडिडा अल्बिकन्स या जातीवरही परिणाम होतो, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. (म्हणून कुणी घरी दारुहळदीचा काढा उकळू नये, ही कळकळीची विनंती. रक्तात शिरलेली बुरशी काढ्याने जात नाही.) बुरशी वाढवायच्या प्लेटवर दिसलेले माणसात दिसेलच असे नाही. क्रिप्टोकॉकस या दुसऱ्या बुरशीच्या मेंदूज्वरात सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या गोळीची जोड देऊन युगांडात चाचणी झाली, पण मृत्यू कमी झाले नाहीत. त्याच आजारात अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाला फ्लुसायटोसिन या दुसऱ्या औषधाची जोड मात्र जीव वाचवते, हे व्हिएतनाममधल्या रुग्णांत सिद्ध झाले.

अशी संयुगे तपासायला प्रतिरोधक बुरशी लागते, आणि ती आपल्या वॉर्डांत आहे. आम्ही मात्र रिपोर्ट गेला की प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, टाकत होतो. किती टाकल्या, त्याची मोजदाद नाही. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत रोगकारक बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. रक्तातून वाढलेली प्रत्येक कँडिडा जातीपर्यंत ओळखावी, कोणते औषध तिच्यावर चालते ते तपासावे आणि दाद न देणारी बुरशी स्लँटवर (परीक्षानळीतल्या तिरप्या पोषक थरावर) जपून संग्रहाकडे पाठवावी, असा आदेश आरोग्य विभागाने जिल्हा रुग्णालयांना द्यावा. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांना निदान नमुना बाहेर पाठवण्याचा खर्च तरी द्यावा. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ऑरिसला सर्वांत धोकादायक बुरशींच्या गटात टाकले. एवढे झाल्यावरही जिल्ह्याच्या ठिकाणी 'यीस्ट आढळले' यावरच भागवायचे का?

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सोलापूर